टँपातले तीन आठवडे

फ्लोरिडातल्या टँपा शहरात माजी सैनिकांसाठी एक मोठं सरकारी रुग्णालय आहे, जेम्स ए. हेली यांच्या नावाचं. तिथे १९८८ पासून जुनाट वेदनांच्या पुनर्वसनाचा एक कार्यक्रम चालतो. दाखल होणाऱ्या माणसाला सुरुवातीलाच दोन गोष्टी सांगाव्या लागतात. तुमचं दुखणं खरं आहे, ही पहिली. ते पूर्णपणे जाईल असं वचन आम्ही देणार नाही, ही दुसरी. पहिली ऐकायला माणूस आसुसलेला असतो, कारण अनेक डॉक्टरांनी एक्स-रे बघून खांदे उडवलेले असतात. दुसरी ऐकून त्याला उठून निघून जावंसं वाटतं. या दोन्ही गोष्टी एका दमात सांगून त्याला खुर्चीत बसवून ठेवणं, हे हा कार्यक्रम चालवणाऱ्यांचं पहिलं काम. माझ्या मते सगळ्यांत अवघडही तेच.

इथे येणारा माणूस बहुतेक सगळे उपाय करून आलेला असतो. मणक्यावर एक-दोन शस्त्रक्रिया, कंबरेतली इंजेक्शनं, पट्टे, गोळ्यांच्या बाटल्या. टँपात यांतलं काही नवीन मिळत नाही. सुमारे तीन आठवडे रुग्णालयात राहायचं, रोज ठरलेल्या वेळी व्यायाम, पोहण्याच्या तलावात हालचाली, चालणं, श्वास आणि स्नायू सैल करण्याचा सराव, मानसोपचाराचे गट, झोपेचं वेळापत्रक. अफूच्या जातकुळीतली औषधं, म्हणजे ओपिऑइड, घेत आला असेल तर ती याच काळात टप्प्याटप्प्याने कमी करत बंद केली जातात. दुखणाऱ्या माणसाला बोलावून त्याचं वेदनाशामकच काढून घ्यायचं, हे ऐकायला क्रूर वाटतं. पण तिथल्या नोंदी वेगळं सांगतात. मर्फी, क्लार्क आणि बनू यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ओपिऑइड बंद केलेले रुग्ण आणि दाखल होतानाच ती घेत नसलेले रुग्ण, दोघांमध्येही सारखीच सुधारणा दिसली. गोळी सुटली म्हणून कुणी मागे पडलं नाही.

सैनिकाचं शरीर झिजतं ते फक्त गोळी लागून नाही. तीस-चाळीस किलोंचं ओझं पाठीवर घेऊन वर्षानुवर्षं चालणं, विमानातून उड्या, चिलखती गाड्यांचे हादरे, रस्त्याकडेला पेरलेल्या स्फोटकांचे धक्के, हे सगळं गुडघ्यांत, मणक्यांत, मानेत साठत जातं. इराक आणि अफगाणिस्तानच्या युद्धांत छातीवरच्या चिलखतांनी आणि तत्काळ मिळणाऱ्या उपचारांनी असंख्य जीव वाचवले. पूर्वीच्या युद्धांत ज्या जखमा जिवावर बेतल्या असत्या, त्या घेऊन माणसं घरी आली. २०१४ साली अमेरिकी पायदळाच्या एका ब्रिगेडमधल्या अडीच हजारांहून अधिक सैनिकांना, मोहिमेवरून परतल्यानंतर तीन महिन्यांनी, विचारलेल्या प्रश्नांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ४४ टक्क्यांना तीन महिन्यांपेक्षा जुनी वेदना होती. हे माजी सैनिक नव्हेत, नोकरीत असलेले, बहुतेक तरुण.

आणि वेदना एकटी येत नाही. बॉस्टनमध्ये इराक-अफगाणिस्तानहून परतलेल्या ३४० जणांच्या तपासणीत, २००९ च्या अहवालानुसार, ४२ टक्क्यांना तीन गोष्टी एकदम होत्या: जुनाट वेदना, युद्धाच्या आघाताने जडलेला मानसिक विकार आणि डोक्याला बसलेल्या धक्क्याचे रेंगाळणारे परिणाम. रात्री दचकून उठणाऱ्या माणसाची झोप तुटते, झोप तुटली की पाठ जास्त दुखते, पाठ दुखली की तो घराबाहेर पडत नाही, आणि घरात बसला की जुनं सगळं आठवत राहतं. यातला कुठला धागा कुठल्या विभागाचा, हे ठरवत बसलं तर रुग्ण आयुष्यभर एका खिडकीवरून दुसरीकडे फिरत राहील.

वेदनेच्या वैद्यकाला सैनिकांनीच बरंच शिकवलं आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या टर्नर्स लेन रुग्णालयात सायलस वेअर मिचेल यांनी मज्जातंतूंना गोळी लागलेल्या सैनिकांची जळजळणारी वेदना नोंदवली, कापून टाकलेल्या पायाच्या बोटांत होणाऱ्या वेदनाही नोंदवल्या. दुसऱ्या महायुद्धात इटलीतल्या आघाडीवर काम केलेल्या हेन्री बीचर यांनी १९४६ साली लिहिलं की गंभीर जखमी सैनिकांपैकी बहुसंख्यांनी विचारल्यावरही वेदनाशामक नको म्हटलं. बीचर यांचा तर्क असा, की त्या सैनिकासाठी जखम म्हणजे जिवंत घरी जाण्याचा परवाना होता. हा तर्क उलटा फिरवून पाहावा असं मला वाटतं. घरी आल्यावर वीस वर्षांनी तोच माणूस कंबर धरून बसतो, तेव्हा त्या वेदनेचा अर्थ काय उरतो? नोकरी गेली, नातवाला उचलता येत नाही, पलटणीतले सोबती पांगले. जखम कदाचित लहान झाली असेल, पण तिचा अर्थ मोठा झालेला असतो.

जॉन बोनिका हे याच महायुद्धात वॉशिंग्टन राज्यातल्या मॅडिगन लष्करी रुग्णालयात भूलतज्ज्ञ होते. कुस्तीगीर म्हणूनही नाव कमावलेल्या या माणसाला त्या कुस्त्यांनीच आयुष्यभराची दुखणी दिली. अवघड वेदनांचे रुग्ण एकट्या डॉक्टरच्या आवाक्यातले नाहीत हे त्यांना तिथे कळलं. शस्त्रक्रियातज्ज्ञ, अस्थितज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ यांनी एकाच रुग्णावर एकत्र बसून बोललं पाहिजे, हा आग्रह त्यांनी पुढे सिअ‍ॅटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात नेला. तिथेच मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांनी एक साधी पण मूलगामी गोष्ट केली. दुखेल तेव्हा गोळी, ही रीत त्यांनी मोडली. औषध चव आणि रंग झाकणाऱ्या सिरपमध्ये मिसळून घड्याळाच्या ठोक्याला द्यायचं आणि त्यातली मात्रा हळूहळू उतरवायची. व्यायामही तसाच: दुखेपर्यंत नाही, ठरलेल्या आकड्यापर्यंत. टँपाच्या कार्यक्रमात या दोघांचा वारसा स्पष्ट दिसतो.

इथेच सैनिकी स्वभाव आडवा येतो. अमेरिकेच्या मरीन दलात असं सांगितलं जातं की वेदना म्हणजे शरीरातून बाहेर पडणारा दुबळेपणा. लढाईत या शिकवणीने माणसं तगली असतील. घरी ती घात करते. बरं वाटलं त्या दिवशी माणूस अंगणातलं सगळं गवत कापून टाकतो आणि पुढचे चार दिवस अंथरुणात काढतो. मग मेंदू शिकतो, हालचाल म्हणजे संकट. चोर केव्हाच पळून गेला तरी वाऱ्याच्या झुळुकीवर भुंकत राहणाऱ्या कुत्र्यासारखी मज्जासंस्था होऊन बसते. म्हणून दहा मिनिटं गवत कापून, अंगात जोर असतानाही, थांबायला शिकवावं लागतं. आज्ञा पाळण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला ही आज्ञा सगळ्यांत जड जाते. तिथल्या फिजिओथेरपिस्टना एकाच गटात दोघं भेटतात: एक पाऊल टाकायला घाबरणारा आणि दुसरा थांबायला लाज वाटणारा. दोघांचं वेळापत्रक मात्र एकच तत्त्व पाळतं.

अशा कार्यक्रमाचं नेतृत्व टँपात दीर्घकाळ मानसशास्त्रज्ञांकडे राहिलं. आधी मायकेल क्लार्क, नंतर जेनिफर मर्फी. मर्फी या जुनाट वेदनेसाठीच्या वर्तनोपचाराच्या पुस्तिकेच्या प्रमुख लेखिका. ही पुस्तिका अमेरिकेच्या माजी सैनिक खात्यातले मानसोपचारतज्ज्ञ वापरतात. वेदनेच्या विभागाचा प्रमुख शस्त्रक्रियावाला किंवा भूलतज्ज्ञ नसावा, हे आपल्याकडे चटकन पचणार नाही. पण तिथलं काम पाहिलं तर ते योग्यच वाटतं. डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, व्यवसायोपचारतज्ज्ञ, औषधतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ या सगळ्यांनी रुग्णाशी एकच भाषा बोलली पाहिजे. सकाळी फिजिओथेरपिस्ट म्हणाली ‘दुखलं तरी चाला, इजा होणार नाही’ आणि संध्याकाळी एखाद्या नवख्या डॉक्टरने ‘जपून हं, मणका नाजूक आहे’ असं म्हटलं, की आठवड्याची मेहनत पाण्यात. प्रमुखाचा वेळ अशी वाक्यं जुळवण्यात जातो. बाहेरून हे काम दिसत नाही, म्हणून त्याला पैसा आणि माणसं मिळवणंही कठीण.

सुधारणा मोजायची कशी, हाही प्रश्न टँपाने मनावर घेतला. शून्य ते दहाच्या पट्टीवर दुखणं किती, एवढंच विचारलं तर आठाचं सात होतं आणि सगळे निराश होतात. क्लार्क आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली प्रश्नावली वेदनेची तीव्रता विचारतेच, पण चालणं-फिरणं, स्वतःची कामं स्वतः करणं, अंगातला उत्साह, मनाची खिन्नता आणि हालचालीची भीती हेही स्वतंत्रपणे मोजते. कुणाचा आठ सातावर आला आणि तो दोन वर्षांनी पहिल्यांदा दुकानात एकटा गेला, तर यश कशाला म्हणायचं ते या प्रश्नावलीत दिसतं.

एक अवघड गाठ मात्र कुठलीही प्रश्नावली सोडवत नाही. अमेरिकी माजी सैनिकाला सेवेत झालेल्या अपंगत्वाची भरपाई टक्क्यांवर मिळते, दहा-दहाच्या पायऱ्यांनी शंभरपर्यंत. सुधारलो असं दिसलं तर टक्के घटतील, ही भीती त्याला असते. ती खोटेपणातून येत नाही, घराच्या हप्त्यातून येते. त्याबद्दल रुग्णाशी उघडपणे बोलणारा प्रमुख हवा. संशयाने पाहणारा आला तर तीन आठवडे वाया गेले.

ओपिऑइडच्या बाबतीत अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने मोठी किंमत मोजली. १९९९ साली वेदनेला नाडी, ताप यांच्या पंक्तीत बसवून पाचवं महत्त्वाचं लक्षण मानायचं ठरलं. हेतू चांगला होता: सैनिकाचं दुखणं दुर्लक्षित राहू नये. पण मोजलेल्या आकड्याला सगळ्यांत सोपं उत्तर गोळीचं होतं. देशभर ओपिऑइडचा पूर आला आणि माजी सैनिक त्यात बुडाले. २०१३ पासून खात्याने ही औषधं कमी करण्याचा कार्यक्रम हाती घेतला. २०१८ मध्ये मिनियापोलिसच्या माजी सैनिक रुग्णालयातल्या एरिन क्रेब्स यांनी २४० रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास मांडला: पाठदुखी आणि गुडघा-खुब्याच्या झिजेवर ओपिऑइड साध्या औषधांपेक्षा सरस ठरली नाहीत, दुष्परिणाम मात्र जास्त. वाद मिटला असं वाटलं असतं. पण २०२० साली याच खात्याच्या सुमारे १४ लाख रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ओपिऑइड बंद झाल्यानंतर अतिमात्रेने किंवा आत्महत्येने मरण्याचा धोका वाढलेला दिसला, आणि जितका जास्त काळ औषध घेतलेलं तितका जास्त. म्हणजे गोळी काढून घेणं हा उपचार नव्हे. गोळीच्या जागी माणसं, वेळ आणि सराव ठेवायला लागतात. टँपाचे तीन आठवडे महागडे वाटतात, ते याच कारणासाठी. या खर्चाबाबत हिशेबनिसांपुढे मागे हटू नये, असं मला ठामपणे वाटतं. २००९ च्या खात्याच्या निर्देशात रुग्णालयांच्या प्रत्येक विभागीय जाळ्यात मान्यताप्राप्त वेदना-पुनर्वसन केंद्र असावं असं लिहिलं गेलं, तेव्हा पुढे ठेवायला टँपासारखा चालू नमुना होता.

आपल्याकडे सातारा, सांगली, कोल्हापूर, नगरच्या गावोगावी निवृत्त जवान आहेत. पुण्यात १९४४ पासून कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीत १९७४ पासून कमरेखाली लुळ्या झालेल्या सैनिकांचं पुनर्वसन केंद्र आहे. हात-पाय गेलेल्यांना उभं करण्याची परंपरा आपल्या मातीत आहे. ज्यांचे हात-पाय शाबूत असूनही पंधरा वर्षं कंबरदुखी सुटत नाही, त्यांच्यासाठी याच परंपरेतून काही उभं राहायला हवं. त्यासाठी नवी इमारत लागणार नाही. एक फिजिओथेरपिस्ट, एक मानसशास्त्रज्ञ, एक डॉक्टर आणि त्यांना एका भाषेत बोलायला लावणारा प्रमुख, एवढं लागेल.

तोवर घरात असा माणूस असेल तर एवढं करा. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमध्ये जाल तेव्हा गोळ्यांच्या चिठ्ठीसोबत फिजिओथेरपी आणि समुपदेशन मिळतं का ते विचारा. आणि ते ट्रॅमाडॉलसारखी ओपिऑइड गोळी अनेक महिने घेत असतील, तर ती स्वतःहून अचानक बंद करू नका, करू देऊ नका; मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळूच उतरवा.