मसाल्याविना भिंत : फायदा आणि खबरदारी

नेकनूर परिसरात घर बांधायचे म्हटले की वाळू, सिमेंट आणि पाणी या तिन्हींची चिंता लागते. नेहमीच्या विटांच्या भिंतीत सुमारे पाचवा हिस्सा मसाल्याचाच असतो. हा खर्च वाचविणारी खाचेची वीट आपल्या गवंडी व व्यापारी बांधवांनी समजून घ्यावी, असे आम्हास वाटते.

या विटेला एका बाजूस कंगोरा व दुसऱ्या बाजूस खाच असते. एक वीट दुसरीत बसते व थर आपोआप सरळ येतो. ती भट्टीत भाजत नाहीत. माती, वाळू व थोडे सिमेंट यांचे मिश्रण यंत्रात दाबून ती तयार होते, म्हणून जळण लागत नाही. मात्र नवी वीट झाकून आठवडे-दोन आठवडे ओली ठेवावीच लागते.

मातीची निवड महत्त्वाची. आपली काळी माती फुगते व तडकते. ती नुसती चालत नाही. चाळलेला मुरूम व वाळू घ्यावी. ओलावा तपासण्यासाठी मुठीत गोळा दाबून कमरेच्या उंचीवरून टाकावा. त्याचे चार-पाच तुकडे झाले तर ओलावा बरोबर. चपटा झाला तर पाणी जास्त. भुगा झाला तर कमी.

‘मसाला नाही’ याचा अर्थ सिमेंट मुळीच नाही, असा नव्हे. जोत्यावरचा पहिला थर मसाल्यात, ओळंबा लावूनच बसवावा. तो चुकला तर पुढची सारी भिंत चुकते. वरचे शेवटचे थरही मसाल्यातच घ्यावेत व त्यावर काँक्रीटचा पट्टा टाकावा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जड भिंती झोपलेल्या माणसांवर कोसळल्या. हजारो जीव गेले. म्हणून मराठवाड्यात केवळ खाचेवर विसंबता येणार नाही. भूकंपासाठी पोकळ वीट निराळी असते; कोपऱ्यांत व दारा-खिडक्यांशेजारी तिच्या भोकांतून उभी सळई घालून काँक्रीट भरतात. तमिळनाडूतील ऑरोविल येथील संस्थेने अशी वीट विकसित केली आणि २००१ च्या भूकंपानंतर गुजरातेत ती वापरली गेली.

यंत्रासाठी एकट्याने व्याजी कर्ज काढण्यापेक्षा दोघा-तिघांनी नफा-तोट्याच्या भागीदारीत ते घ्यावे. त्याआधी आपल्या मातीच्या काही विटा करून प्रयोगशाळेत तपासून घ्याव्यात. गिऱ्हाइकाला सळईचा खर्च आधीच सांगावा. स्वस्तपणा सांगून मजबुती लपविणे हे मापात मारण्यासारखेच आहे. त्या भिंतीआड कुणाची तरी लेकरे झोपणार आहेत.