नोंदतक्त्यावरून चिठ्ठी: मत्स्यसंग्रहातील नमुन्यांच्या लेबलांची यांत्रिक छपाई

मत्स्यसंग्रहाच्या बरणीत दोन वस्तू असतात: मासा आणि त्याची चिठ्ठी. त्यांपैकी चिठ्ठी अधिक नाजूक असते. वर्सोव्याच्या बंदरावर डोल जाळ्यातून उतरलेला बोंबील घेतला, फॉर्मॅलिनमध्ये स्थिर केला आणि मग सत्तर टक्के अल्कोहोलात ठेवला, की त्याचा रंग जातो, अंग आक्रसते; तरीही पुढील अभ्यासकाला दात व पर मोजून त्याची जात पुन्हा ठरविता येते. मात्र तो कोठे सापडला, कोणत्या दिवशी सापडला, कोणत्या जाळ्यात आला, हे त्या माशाच्या शरीरावर कोठेही लिहिलेले नसते. ते फक्त चिठ्ठीवर आणि नोंदवहीत असते. या दोहोंतील दुवा तुटला, तर नमुना राहतो, पुरावा राहत नाही.

वर्सोव्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. १९६१ साली स्थापन झालेली आणि १९८९ पासून अभिमत विद्यापीठाचा दर्जा असलेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था येथे आहे. केंद्रीय सागरी मात्स्यिकी संशोधन संस्थेचे मुंबईतील केंद्रही सात बंगल्याच्या परिसरातच आहे. आणि बंदर हाकेच्या अंतरावर. मासळीवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याजवळ एकदोन वर्षांत काही शे बरण्या सहज जमतात. पूर्वी अशा प्रत्येक बरणीसाठी टिकाऊ शाईने, बारीक अक्षरात चिठ्ठी लिहावी लागे. आता नोंदी स्प्रेडशीटमध्ये ठेवून, त्यांतील मजकूर पीडीएफ नमुन्याच्या रिकाम्या रकान्यांत आपोआप भरून, चिठ्ठ्यांचे ताव एकदम छापता येतात. ही रीत सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु हाताने नक्कल करणाऱ्याच्या चुका सुट्या असतात: एका चिठ्ठीवर एक, दुसरीवर दुसरी. यंत्राची चूक एकाच पद्धतीने सर्व चिठ्ठ्यांवर उतरते, आणि सुबक छापील अक्षरात उतरत असल्यामुळे तिच्यावर विश्वासही अधिक बसतो. म्हणून लेखनिकाचे श्रम वाचले, तरी तपासणी वाचत नाही. ती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते, इतकेच.

या रीतीची घडण थोडक्यात अशी. पीडीएफ हा छापील पानाचे रूप जसेच्या तसे राखणारा नमुना अडोबी कंपनीने १९९३ मध्ये पुढे आणला. १९९६ च्या सुधारित आवृत्तीत त्यात भरावयाचे अर्ज आले. आणि २००८ मध्ये तो आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारला गेला. अशा अर्जातील प्रत्येक रिकाम्या जागेला एक नाव असते. स्प्रेडशीटमधील रकान्याचे शीर्षक आणि अर्जातील जागेचे नाव यांची जोडी एकदा लावून दिली, की एक छोटा कार्यक्रम ओळीमागून ओळ वाचतो आणि प्रत्येक ओळीची एक चिठ्ठी तयार करतो. यात अवघड असे काही नाही. अडचणी त्याच्या आधी आणि त्याच्या नंतर असतात.

आधीची मोठी अडचण तारखेची. भारतात दिवस प्रथम व महिना नंतर लिहिण्याचा प्रघात आहे; संगणकाची मांडणी अमेरिकी पद्धतीची राहिली असेल, तर तो महिना प्रथम वाचतो. ७/१/२०२४ ही ७ जानेवारीची नोंद मग १ जुलैची ठरते. वर्षातील ३६५ दिवसांचा हिशेब केला तर चित्र स्पष्ट होते. प्रत्येक महिन्याच्या १३ तारखेपासून पुढचे दिवस, म्हणजे एकूण २२१, महिना म्हणून वाचताच येत नाहीत. ते तारीख न राहता नुसता मजकूर म्हणून पडून राहतात आणि निदान डोळ्यांना खुपतात. उरलेल्या १४४ दिवसांपैकी १/१, २/२ असे १२ दिवस उलटले तरी तेच राहतात. बाकीचे १३२ दिवस निमूटपणे दुसऱ्या महिन्यात जातात. बोंबिलाच्या प्रजननकाळाचा किंवा जवळ्याच्या हंगामाचा अभ्यास करणाऱ्याला याहून घातक चूक दुसरी नाही, कारण त्याचा सगळा निष्कर्ष महिन्यावरच उभा असतो.

येथे स्थानिक ज्ञान उपयोगी पडते. जुलै महिना यांत्रिक नौकांच्या मासेमारीवरील पावसाळी बंदीच्या काळात येतो. तेव्हा वर्सोव्याच्या ट्रॉलरमधून घेतलेल्या नमुन्यावर जुलैची तारीख दिसली, की ती ओळ थांबवून ठेवावी, अशी अट तक्त्यातच घालता येते. अर्थात ८/२ चे २ ऑगस्ट झाले, किंवा ५/२ चे २ मे झाले, तर ही अट मुकी राहील. खात्रीचा उपाय एकच: दिवस, महिना व वर्ष तीन वेगळ्या रकान्यांत लिहावे आणि महिना अक्षरांत लिहावा. कोळी बांधवांकडून माहिती घेताना तिथी किंवा उधाण-भांगाचा उल्लेख मिळाला, तर त्यासाठी चौथा रकाना ठेवणे उत्तम. भरतीचा वेग डोल जाळ्याच्या मासेमारीत महत्त्वाचा असल्यामुळे ही माहिती नुसती शोभेची नसते, आणि तारखेची फेरतपासणीही तिच्यावरून होते.

तारीख योग्य असूनही चिठ्ठीवर ती विचित्र रूपात उतरू शकते. स्प्रेडशीट तारखेला आतून दिवसांच्या क्रमांकाच्या रूपात साठविते. भरणाऱ्या कार्यक्रमाने दिसणारे रूप न घेता साठविलेला अंक घेतला, तर ७ जानेवारी २०२४ च्या जागी ४५२९८ छापले जाते. हा क्रमांक १९०० पासून मोजण्याचा प्रघात आहे; काही जुन्या मॅकिंटॉश फायलींत तो १९०४ पासून मोजला जाई. एकातील अंक दुसऱ्यात चिकटविले, तर प्रत्येक तारीख १,४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षे व एक दिवस, सरकते. पहिली चूक हास्यास्पद असल्याने लगेच पकडली जाते. दुसरी पकडली जाईलच असे नाही.

संख्येसारखे दिसणारे जे जे काही असेल ते संख्या समजून घेण्याचा स्प्रेडशीटचा स्वभाव आहे. नमुना क्रमांक ००४१७ असेल, तर पुढची शून्ये गळून ४१७ उरते. प्राणिनामांच्या बाबतीत तर एक गंमतच होते. बोंबिलाचे शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरिअस (हॅमिल्टन, १८२२) असे लिहितात. येथील कंस अलंकारासाठी नाही. हॅमिल्टनने ही जात वेगळ्या प्रजातीत, ऑस्मेरस या नावाखाली, वर्णिली होती आणि पुढे प्रजाती बदलली, हे तो कंस सांगतो. आता नाव, कर्ता व वर्ष वेगवेगळ्या रकान्यांत ठेवावयाचे म्हणून कोणी वर्षाच्या चौकटीत कंसासह १८२२ लिहिले, तर हिशेबनिसांच्या रूढीप्रमाणे कंसातील आकडा ऋण मानून स्प्रेडशीट त्याचे उणे १८२२ करते. जनुकशास्त्रज्ञांनी हा उपद्रव पुष्कळ सोसला आहे. ‘सेप्ट’ व ‘मार्च’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या जनुकांच्या संज्ञा तारखा होऊन बसत. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेल फायलींत जनुकांच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एकपंचमांश निबंधांत अशा चुका आढळल्या. अखेर २०२० मध्ये नामकरण समितीने त्या जनुकांच्या संज्ञाच बदलल्या. यंत्राच्या सवयीपुढे शास्त्राने माघार घेतल्याचे हे उदाहरण फारसे भूषणावह नाही. लेबलांसाठी ठेवलेल्या तक्त्यात मजकूर लिहिण्यापूर्वीच सर्व रकाने ‘मजकूर’ या प्रकाराचे करून ठेवले, तर हा सारा त्रास टळतो.

एकच स्थळ अनेक ओळींत लिहावयाचे असते, तेव्हा चौकटीचा कोपरा धरून खाली ओढण्याची सोय सर्वांच्या परिचयाची आहे. काही स्प्रेडशीट कार्यक्रम अशा वेळी आकड्याची नक्कल न करता प्रत्येक ओळीत एक मिळवीत जातात. वर्सोव्याचा अक्षांश दशांश पद्धतीने सुमारे १९.१३ व रेखांश ७२.८१ आहे. अक्षांशाचा रकाना असा ओढला गेला, तर पहिला बोंबील वर्सोव्याचा, दुसरा डहाणूच्या पलीकडे उंबरगावाच्या आसपासचा आणि तिसरा थेट सुरतेचा ठरतो. तीनही ठिकाणे पश्चिम किनारपट्टीवरची आणि बोंबिलाच्या प्रदेशातलीच असल्यामुळे नकाशावर पाहूनही शंका येणार नाही. एकच रकाना निवडून वर्णक्रम लावण्याची चूक याहून भयंकर: त्यात प्रत्येक आकडा खरा असतो, पण दुसऱ्याच माशाचा.

आता छपाईच्या बाजूकडे वळता येईल. ए-४ आकाराच्या तावावर ७० × ३७ मिलिमीटरच्या तीन उभ्या रांगा व आठ आडव्या ओळी, म्हणजे २४ चिठ्ठ्या बसतात. अर्ज तयार करणारा एक चिठ्ठी आखतो आणि तिचीच नक्कल २३ वेळा करतो. पीडीएफच्या नियमाप्रमाणे एकाच नावाच्या सर्व जागा मिळून एकच जागा मानली जाते. एकीत लिहिलेले सर्वांत उमटते. परिणामी तावावरील चोविसांच्या चोवीस चिठ्ठ्यांवर एकच नमुना क्रमांक छापला जातो. म्हणून प्रत्येक जागेच्या नावाला चिठ्ठीचा क्रमांक जोडणे आवश्यक असते. हे सांभाळले, तरी पुढे तीच अडचण दुसऱ्या दाराने येते. पहिल्या तावाची व दुसऱ्या तावाची भरलेली फाईल एकत्र जोडली, की दोन्हींतील समान नावांच्या जागा पुन्हा एक होऊ शकतात आणि दुसऱ्या तावावर पहिल्याचाच मजकूर दिसू लागतो. त्यासाठी प्रत्येक ताव भरल्यावर, जोडण्यापूर्वी, त्यातील जागा ‘सपाट’ कराव्यात, म्हणजे अर्जाचे रूप काढून मजकूर पानाचाच भाग बनवावा.

आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की, अर्जातील जागेचे मूल्य आणि त्या मूल्याचे दृश्य रूप या पीडीएफमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कार्यक्रमाने मूल्य भरले पण रूप तयार केले नाही, तर एका संगणकावर भरलेला दिसणारा ताव दुसऱ्यावर कोरा छापला जातो. देवनागरीच्या बाबतीत ही अडचण अधिक बिकट होते. नागरीत अक्षरे ज्या क्रमाने साठविली जातात त्याच क्रमाने ती मांडली जात नाहीत: ‘बोंबिल’ मधील ऱ्हस्व वेलांटी उच्चारात ‘ब’ नंतर, पण कागदावर त्याच्या आधी येते, जोडाक्षरांना स्वतंत्र आकार लागतात. ही जुळवणी करणारी यंत्रणा अर्ज भरणाऱ्या अनेक साध्या कार्यक्रमांत नसते. त्यामुळे ‘मांदेली’ ठीक उतरते, पण ‘बोंबिल’ मोडतो आणि ‘मत्स्य’ हलन्तांच्या तुकड्यांत विखुरतो. चिठ्ठीवर स्थानिक नाव नागरीत छापावयाचे असेल (आणि ते असावे, कारण बंदरावरच्या माणसाला बरणी ओळखता येण्याचा तोच मार्ग आहे), तर तयार अर्ज भरण्याचा नाद सोडून, त्याच तक्त्यावरून नागरीची जुळवणी जाणणाऱ्या अक्षरजुळणी-कार्यक्रमाने संपूर्ण तावच नव्याने रचावा, हे श्रेयस्कर.

छापताना ‘पानात बसवा’ हा पर्याय बंद ठेवावा. ९७ टक्के आकारात छापलेला ताव उंचीला सुमारे ९ मिलिमीटरने आखडतो आणि कडेच्या ओळी आखणीबाहेर जातात. बरणीच्या आत ठेवावयाच्या चिठ्ठीसाठी इंकजेटची साधी शाई निरुपयोगी आहे, ती अल्कोहोलात विरघळते. लेसर छपाईतील अक्षरे कागदावर वितळवून चिकटविलेली असतात. तीही काही वर्षांत सुटून बरणीच्या तळाशी साचल्याचे अनुभव संग्रहालयांना आले आहेत. बाहेरच्या लेबलाला ही छपाई चालेल. आतल्या चिठ्ठीवर निदान नमुना क्रमांक तरी कार्बनयुक्त टिकाऊ शाईने हाताने लिहावा. छापलेला ताव कापण्यापूर्वी एकाने बरणीवरील जुनी चिठ्ठी वाचावी व दुसऱ्याने नव्या चिठ्ठीवर बोट ठेवावे. तक्त्याशी ताडून पाहणे पुरत नाही, कारण चूक तक्त्यातच असू शकते.

या खटाटोपाचे प्रयोजन पापलेटाच्या उदाहरणावरून ध्यानात येते. चंदेरी पापलेट २०२३ मध्ये महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित झाला. भारतीय किनाऱ्यावरील हा मासा दीर्घकाळ पॅम्पस अर्जेन्टिअस (यूफ्रासेन, १७८८) या नावाने नोंदला जात होता. गेल्या काही वर्षांतील शरीररचनेच्या व जनुकीय अभ्यासांवरून तो वस्तुतः पॅम्पस कँडिडस (क्यूव्हिये, १८२९) ही वेगळी जात असल्याचे प्रतिपादन पुढे आले. असा बदल झाला की तक्त्यात एका आज्ञेने सर्व ओळींतील जुने नाव काढून नवे घालण्याचा आणि सर्व चिठ्ठ्या पुन्हा छापण्याचा मोह होतो. पण प्रत्येक बरणीतला मासा नव्या लक्षणांनी तपासलेला नसतो. पूर्वेकडच्या समुद्रातून देवाणघेवाणीत आलेला एखादा नमुना त्यांत खरोखरच अर्जेन्टिअस असू शकतो. म्हणून तक्त्यात ‘मूळ ओळख’ व ‘सुधारित ओळख’ असे दोन स्वतंत्र रकाने, आणि दुसऱ्याबरोबर तपासणाऱ्याचे नाव व वर्ष असावे. नवी चिठ्ठी फक्त तपासलेल्या नमुन्यापुरती छापावी आणि ती जुन्या चिठ्ठीच्या जागी न ठेवता तिच्याशेजारी, त्याच बरणीत, ठेवावी.