डुकरिणीचा गर्भपात आणि माणसाचा ताप

आरोग्याच्या सदरात डुकरांचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. पण माणसाला महिनोन्महिने पछाडणारा एक ताप जनावरांकडून येतो, आणि त्याचे कोडे जनावरांवरील प्रयोगांतूनच बरेचसे सुटले, म्हणून हा विषय घेतला.

रोगाचे नाव ब्रुसेलोसिस. १८८७ साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने तापाने दगावलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून याचे जंतू वेगळे केले. ते शेळ्यांत असतात हे १९०५ मध्ये झामित यांनी दाखवले. सैनिकांचे शेळीचे दूध बंद होताच ताप ओसरला! पुढे १९१४ मध्ये अमेरिकेत ट्रॉम यांना डुकरिणीच्या पडलेल्या गर्भात याच कुळातला जंतू सापडला. त्याला ब्रुसेला सुइस म्हणतात.

डुकरांत हा नराच्या वीर्यातून पसरतो. फळतानाच लागण झाली तर गर्भ इतक्या लवकर पडतो की मालकाला पत्ताही लागत नाही. महिना-दीड महिन्याने मादी पुन्हा माजावर आली की तो "उलटली" म्हणतो आणि तोच नर पुन्हा लावतो. नराचे वृषण सुजलेले असले तर संशय येईल, पण पुष्कळदा बाहेरून काहीच दिसत नाही. मादी बहुधा कालांतराने बरी होते. नर मात्र अनेकदा जन्मभर जंतू बाळगतो.

पण या जंतूला गर्भाशयच का आवडावे? या प्रश्नाचा माग इंग्लंडमध्ये हॅरी स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. अशा प्रयोगांत मोजून जंतू दिलेल्या जनावरांचे अवयव तपासून कोठे किती जंतू वाढले ते पाहतात. गाभण गायींत जवळजवळ सारे जंतू वार, गर्भजल आणि गर्भाची आवरणे यांत सापडले. तेथे असे काय आहे, हे शोधता शोधता एरिथ्रिटॉल नावाचा साखरेसारखा पदार्थ हाती लागला. हे संशोधन १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले. लागण झालेल्या नवजात वासरांना तो पदार्थ दिला तेव्हा जंतू अधिक वाढले. गाय, शेळी, मेंढी, डुकरीण यांच्या वारेत तो असतो, माणसाच्या वारेत आढळत नाही. नर जनावरांच्या जननेंद्रियांतही तो सापडला, म्हणजे वृषणाच्या सुजेचाही धागा जुळला. मला हा शोध फार मोलाचा वाटतो. जंतू कोठे घर करतो याचे उत्तर क्वचितच इतके नेमके मिळते.

मात्र माणसाच्या वारेत हा पदार्थ नाही म्हणून बायकांना धोका नाही, असे समजू नये. उपचार न झालेल्या गरोदर स्त्रीचा यामुळे गर्भपात होऊ शकतो. एरवी माणसाला चढउतार होणारा ताप, रात्री दरदरून घाम, कंबर व सांधे धरणे, पुरुषांत वृषणाची सूज अशी लक्षणे दिसतात. हिवताप किंवा टायफॉइड समजून उपचार होत राहतात, आणि रोगी बरा होत नाही. "घरी जनावरे आहेत का?" हा एक प्रश्न विचारला तर अनेकदा वाट सापडते. डॉक्टरांनी विचारला नाही तर आपण होऊन सांगावे.

आपल्याकडे डुकरांपेक्षा गायी-म्हशी, शेळ्या-मेंढ्यांकडून लागण होण्याचा संभव जास्त. धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून पिणारे आजही आहेत. दूध उकळूनच प्यावे. गाभडलेल्या जनावराची वार उघड्या हाताने ओढू नये, ती कुत्र्यांपुढे टाकू नये, खोल पुरावी. खाटीककाम करणाऱ्यांनी हातावरच्या जखमा झाकाव्यात. डुकराचे मांस पुरते शिजवलेले असावे.

औषधे आहेत. दोन प्रतिजैविके एकत्र, निदान सहा आठवडे घ्यावी लागतात. ताप उतरला म्हणून मध्येच सोडली तर तो उलटतो. गायी-म्हशींच्या चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना लस टोचतात. २०१९ पासून ती राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.