गिऱ्हाइकाच्या चौकशीचें मोल

दुकानदारांचीं नांवें छापून पैसा मिळवण्याची युक्ति जुनी आहे. अमेरिकेंतील न्यू हेवन येथें १८७८ सालीं निघालेली टेलिफोनधारकांची यादी एका पानाची असून तींत अवघीं ५० नांवें होतीं. पुढें पिवळ्या पानांच्या व्यापारी सूच्या निघाल्या आणि मोठ्या जाहिरातीस मोठा आकार पडूं लागला. परंतु ती वाचून किती गिऱ्हाइकें आलीं, हें नेमकें सांगणें छापणाऱ्यासही कठीण होतें आणि पैसे भरणाऱ्यासही.

ही उणीव इंटरनेटवरील सूच्यांनीं पुष्कळशी भरून काढली. मुंबईंत १९९६ सालीं सुरू झालेली जस्टडायल ही आपल्याकडील परिचित सूची होय. आरंभीं लोक तेथें टेलिफोन करून पत्ते विचारीत. पुढें तेंच काम इंटरनेटवरून होऊं लागलें. विचारणाऱ्यास माहिती फुकट मिळते. व्यापाऱ्यासही आपलें नांव फुकट नोंदवितां येतें. मात्र वरचें स्थान व अधिक चौकश्या हव्या असल्यास त्यास पैसे मोजावे लागतात.

चौकशी मोजण्याची रीत सोपी आहे. सूचीचा चालक दुकानदाराच्या नांवापुढें एक निराळा क्रमांक देतो. तो फिरविला असतां घंटा दुकानांतच वाजते; परंतु मधलें यंत्र दिवस, वेळ आणि संभाषण किती मिनिटें चाललें हें टिपून ठेवतें. अशा नोंदलेल्या चौकशीस व्यापारी लोक ‘लीड’ म्हणतात. चालकाची मिळकत तीन प्रकारची असते: ठराविक वर्गणी, प्रत्येक चौकशीमागें दर, किंवा सौदा जमल्यास दलाली.

येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. चौकशी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे. समजा, एका नळकारागिरानें दर चौकशीस ५० रुपये याप्रमाणें २० चौकश्यांचे १००० रुपये भरले. त्यांतून चार कामें मिळालीं, तर एका कामामागें २५० रुपये खर्च पडला. सामान व प्रवास वजा जातां कामांत ४०० रुपये उरत असतील, तर पदरीं १५० पडतात. परंतु तीच चौकशी आणखी चौघांस विकली गेली आणि कामें दोनच मिळालीं, तर खर्च ५०० वर जातो व प्रत्येक कामांत १०० रुपयांची खोट येते. राबूनही तो कर्जांत उतरतो, आणि त्याचें कारण त्यास उमगतही नाहीं.

म्हणून कारागिरानें स्वतःची वही ठेवावी: कोणाचा टेलिफोन आला, काम झालें कीं नाहीं, उरलें काय. चालकानेंही चुकीचे आणि एकाच माणसाचे पुनःपुन्हा आलेले टेलिफोन हिशेबांतून वगळावे, आणि विचारणाऱ्याचा क्रमांक त्याच्या संमतीवांचून दहा जणांस वांटूं नये. मोजणी विकणाऱ्याच्याच हातीं असल्यामुळें या धंद्याचें खरें भांडवल यंत्र नसून सचोटी होय. हिशेबांवरील विश्वास उडाला कीं दुकानदार सूची सोडतात. आणि दुकानदार गेले म्हणजे सूचींत शोधण्यासारखें कांहींच उरत नाहीं.