पानांआड पाहणारा तरंग

वर्सोव्याच्या खाडीकाठी उभे राहिले की तिवरांची हिरवी गर्दी तेवढी दिसते. तिच्याखाली भरतीचे पाणी खेळते आहे, की कोणी डबर ओतून जमीन उंचावली आहे, हे काठावरून कळत नाही. विमानातून छायाचित्र घेतले तरी पानेच दिसणार. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली राज्यभर कांदळवनांच्या नाशाला मनाई केली. पण मनाई मोडली हे कळायला ते आधी दिसावयास हवे.

येथे रडारचा लांब तरंग उपयोगी पडतो. तरंग आपल्या लांबीच्या मापाच्या वस्तूशी अडखळतो, फार लहान वस्तूची तो फारशी पर्वा करीत नाही. तीन सेंटिमीटरांचा तरंग बहुतांशी पानांवरूनच परततो. चोवीस सेंटिमीटरांचा बुंध्यापर्यंत पोचतो. खाली पाणी असेल तर तो पाण्यावरून बुंध्यावर आणि तेथून विमानाकडे उसळतो, कॅरमची सोंगटी कोपऱ्यातल्या दोन कडांना लागून परतावी तसा. चित्रात ती जागा उजळते. स्वीडनच्या ‘काराबास’ या विमानी रडारने तर तीन ते पंधरा मीटरांचे तरंग वापरून अरण्यात दडवलेली वाहने हुडकली.

मग सगळीकडे असेच का करीत नाहीत? हिशेब पाहा. सहा मीटरांच्या तरंगाने दहा किलोमीटरांवरून पाच मीटरांचा तपशील टिपायचा, तर अँटेना बारा किलोमीटर लांब हवी, म्हणजे अंधेरी स्टेशनापासून बोरिवलीपर्यंत! ही अडचण १९५१ साली अमेरिकेत कार्ल वायली यांच्या कल्पनेने सुटली. अँटेना लहानच ठेवायची. विमान उडत असता प्रत्येक प्रतिध्वनी नोंदवायचा आणि मागाहून गणिताने ते सारे जुळवायचे. विमानाने कापलेली वाट हीच अँटेना होते. तरंग जाऊन परत येतो, म्हणून निम्मी लांबी पुरते. मात्र विमान क्षणोक्षणी कोठे होते, हे तरंगाच्या अल्पांशाइतके अचूक ठाऊक पाहिजे.

मुंबईवर मात्र मीटरांच्या तरंगाचे जमणे कठीण. दोनतीन मीटरांच्या आसपासचा पट्टा नभोवाणीने आणि सहार विमानतळाच्या वैमानिकी संभाषणाने गजबजलेला आहे. त्या कोलाहलात प्रतिध्वनी हरवतो. म्हणून चोवीस सेंटिमीटर हा व्यवहार्य मध्यममार्ग. इस्रोने असे रडार विमानावर बसवून पाहिले. ३० जुलै २०२५ रोजी सुटलेल्या ‘निसार’ उपग्रहावरही हाच तरंग आहे.

निसार बारा दिवसांनी त्याच वाटेने येतो; तेव्हा खाडीला भरती असेलच असे नाही. विमानाला वेळ निवडता येते. एक फेरी अमावास्येच्या उधाणात, दुसरी ओहोटीला. दाट मुळांच्या जाळ्यात तरंग जिरतोही, त्यामुळे केवळ चित्रावरून कोणाला दोषी धरू नये. पण बुंधे उभे असून भरतीतही जी जागा उजळली नाही, तेथे चिखल तुडवीत माणूस धाडावा.