किडा अंगावर चिरडू नका, फुंकर मारून उडवा

पावसाळ्यात रात्री चांगले झोपलेले माणूस एक-दोन दिवसांनी मान, गाल किंवा दंडावर भाजल्यासारखा लाल पट्टा घेऊन उठते. आग होते, वर बारीक फोड येतात. कोणी म्हणते कोळी मुतला, कोणी म्हणते नागीण झाली. पुष्कळदा यामागे एक छोटा किडा असतो. त्याचे शास्त्रीय नाव पेडेरस.

हा किडा ओळखायला सोपा आहे. लांबी साधारण 7 ते 10 मिलिमीटर, दिसायला मोठ्या मुंगीसारखा. डोके काळे, छाती व पोट नारिंगी, शेपटीचे टोक काळे, पाठीवर निळसर आखूड पंख. ओली माती, कालव्याचा काठ आणि पाण्याखालचे रान ही त्याची जागा. आखाडा बाळापूर परिसरात अशी राने वस्तीला लागूनच आहेत. पिकावरचे लहान किडे तो खातो, म्हणून तो शेतकऱ्याचा वैरी नाही. पण रात्री दिव्याच्या उजेडाकडे येतो आणि अंथरुणावर पडतो.

तो चावत नाही, डंखही मारत नाही. झोपेत आपण त्याला हाताने चिरडतो, तेव्हा त्याच्या अंगातले पेडेरिन नावाचे विष कातडीला लागते. तोच हात डोळ्याला लागला की पापणी सुजते. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा घरातल्या कोणाला वेगळे बसवू नका.

किडा अंगावर दिसला तर फुंकर मारा किंवा कागदावर घेऊन बाहेर टाका. चिरडला गेलाच तर ती जागा व हात लगेच साबण-पाण्याने धुवा, कपडे व चादरही धुवा. थंड पाण्याची घडी ठेवा. चुना, राख, काजळ लावू नका, फोड फोडू नका. दुकानातून विचारून आणलेले मलमही नको. विष डोळ्यात गेले तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. पट्टा नागिणीचा की किड्याचा, हे डॉक्टरांनी ठरवायचे. मंत्र-उताऱ्यात दिवस व पैसे घालवू नका. बहुतेकांचे दोन-तीन आठवड्यांत बरे होते, काळा डाग मात्र काही काळ राहतो.

झोपताना दिवा मालवा, दिव्याखाली अंथरूण घालू नका, चादर झटका आणि लेकरांना मच्छरदाणीत झोपवा. एवढे केले तरी पुष्कळ त्रास टळेल.