विश्लेषण : काच बदलली, बंपर रंगवला… तरीही गाडीची सुरक्षा यंत्रणा शाबूत आहे का?

नवी मोटार घेताना मायलेजइतकीच चौकशी आता ‘एअरबॅग किती?’ आणि ‘एडीएएस आहे का?’ याची होते. घसरणे रोखणारे ब्रेक, सहा एअरबॅग, धडक टाळण्यासाठी आपोआप लागणारे ब्रेक ही एके काळी महागड्या परदेशी गाड्यांची मिरास होती. आज मध्यम किमतीच्या गाड्यांतही ही साधने मिळतात. मात्र गाडी शोरूमबाहेर पडली की या यंत्रणेकडे फारसे कोणी बघत नाही. सीटकव्हर, काच, बंपर किंवा टायर यांत केलेला साधा बदलही तिला निकामी करू शकतो. ही यंत्रणा काम कशी करते, कुठे अडते आणि तिची निगा कशी राखायची?

सक्तीच्या सुविधा कोणत्या?

देशात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग, पुढच्या दोन्ही आसनांसाठी पट्ट्याची आठवण देणारा इशारा, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. ताशी ८० किलोमीटर ओलांडल्यावर होणारा ‘टिंग’ आवाज आणि १२० नंतर न थांबणारा गजर हा त्याच नियमाचा भाग. त्याच वर्षी एप्रिलपासून सर्व नव्या मोटारींत एबीएस आले. चालकाशेजारच्या प्रवाशासाठी एअरबॅगची सक्ती २०२१ मध्ये सुरू झाली. १ ऑक्टोबर २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ ही क्रॅश टेस्टवर आधारित तारांकन पद्धत लागू झाली. तिच्या समोरासमोरच्या चाचणीत गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवली जाते.

या चाचणीत आसनावर बसवलेल्या पुतळ्यांना पट्टा बांधलेला असतो आणि गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच असते. पट्टा न बांधता बसलेल्या प्रवाशाला किंवा पाच वर्षांत तीनदा डेंटिंग-पेंटिंग झालेल्या गाडीला ते पाच तारे लागू होत नाहीत.

पट्टा नसेल तर एअरबॅग वाचवते का?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. त्यांपैकी १६ हजार ७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. त्यात चालक ८ हजार ३८४, तर प्रवासी ८ हजार ३३१. म्हणजे जवळपास निम्मे बळी चालकाशेजारी किंवा मागे बसलेल्यांचे होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. गाडी आलिशान होती, एअरबॅगही होत्या. पण मागच्या आसनावरील दोघांनी पट्टा लावलेला नव्हता, असे पोलीस तपासात समोर आले.

एअरबॅगचे तांत्रिक नावच ‘एसआरएस’, म्हणजे पूरक बंधन यंत्रणा असे आहे. मुख्य काम पट्ट्याचे. धडक जाणवताच पट्ट्यातील ‘प्रीटेन्शनर’ तो क्षणार्धात ताणून धरतो आणि शरीर आसनाला चिकटवून ठेवतो. एअरबॅग साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत, म्हणजे पापणी लवायच्या आत फुगते. पट्टा नसलेला माणूस तोपर्यंत पुढे फेकला गेलेला असतो आणि फुगत्या पिशवीवर तोंड आदळून त्याला गंभीर इजा होऊ शकते. चालकाची छाती स्टिअरिंगच्या मध्यापासून किमान २५ सेंटिमीटर दूर असावी, असे सांगितले जाते ते यासाठीच.

गजर बंद ठेवण्यासाठी खाचेत अडकवायच्या खोट्या क्लिप बाजारात मिळत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्यांची विक्री थांबवण्याचा आदेश दिला आणि अशी १३ हजारांहून अधिक उत्पादने संकेतस्थळांवरून हटवली गेली. ज्या गाड्यांत पट्ट्याच्या स्थितीनुसार एअरबॅगचे काम ठरते, त्यांत अशी क्लिप केवळ गजरच बंद करत नाही, तर गाडीच्या संगणकालाही फसवते.

एअरबॅगचा दिवा काय सांगतो?

गाडी सुरू करताना डॅशबोर्डवर बसलेल्या माणसापुढे गोळा असलेला दिवा काही सेकंद पेटून विझतो. यंत्रणेने स्वतःची तपासणी केली, असा त्याचा अर्थ. तो पेटलेलाच राहिला तर दोष आहे आणि अपघातात एअरबॅग न उघडण्याची शक्यता आहे. तो अजिबात पेटलाच नाही, तर ते अधिक संशयास्पद. जुनी गाडी घेताना ही खूण हमखास पाहावी. अपघातात उघडलेल्या एअरबॅग न बदलता, दिवाच काढून गाडी विकल्याची शक्यता असते. विम्यात एअरबॅगवर ५० टक्के घसारा कापला जातो. ‘झिरो डेप’ संरक्षण नसेल तर निम्मा खर्च मालकाच्या खिशातून जातो आणि अनेकदा मोह तिथेच होतो.

दिवा पेटण्याची कारणे काही वेळा साधी असतात. हॉर्न, स्टिअरिंगवरील बटणे आणि एअरबॅगचा दिवा यांचा बिघाड एकदमच झाला, तर स्टिअरिंगमागची ‘क्लॉक स्प्रिंग’ ही गुंडाळलेली वायर तुटली असण्याची दाट शक्यता. आतून धुलाई करताना आसनाखालचा पिवळा कनेक्टर सैल झाला तरी दिवा लागतो. पिवळे आवरण असलेली वायर सहसा एअरबॅगची असते. तिला घरी किंवा कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये हात लावू नये.

अनेक गाड्यांत बाजूच्या एअरबॅग आसनाच्या कडेला शिवलेल्या असतात. त्यावर जाड, घट्ट सीटकव्हर चढवले की पिशवीची वाट अडते. कव्हर घ्यायचेच असेल तर एअरबॅगच्या जागी उसवणारी शिवण असलेले घ्यावे. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर चिकटवलेली गणपतीची मूर्ती, अत्तराची बाटली किंवा मोबाइल होल्डर धडकेच्या वेळी गोळीसारखे आत येतात. देवाला जागा द्यायचीच, तर ती झाकणापासून दूर द्यावी. पाय डॅशबोर्डवर टेकून बसणेही तितकेच घातक.

लहान मुलांना पुढे मांडीवर घेऊन बसण्याची सवय तर जिवावर बेतू शकते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालआसनाशिवाय नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. मागे तोंड करून बसवायचे बालआसन चालू एअरबॅगसमोर कधीही लावू नये.

एबीएस, ईएससी कशाच्या भरवशावर?

जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ नयेत यासाठी एबीएस सेकंदात अनेकदा ब्रेकचा दाब कमी-जास्त करते. त्या वेळी पेडल पायाखाली थरथरते. अनेक चालक घाबरून पाय सैल करतात. प्रत्यक्षात तेव्हाच पेडल दाबून धरायचे आणि स्टिअरिंग वळवून अडथळा चुकवायचा असतो. ईएससी एक पाऊल पुढे जाते. स्टिअरिंग कुठे वळले आहे आणि गाडी प्रत्यक्षात कुठे चालली आहे, याची तुलना करून ती एखाद्याच चाकाला ब्रेक लावते.

दोन्ही यंत्रणांना चाकाजवळचे छोटे सेन्सर माहिती पुरवतात. चिखल, गंज किंवा उंदरांनी कुरतडलेली वायर हे त्यांचे नेहमीचे शत्रू. एबीएसचा पिवळा दिवा लागला तरी साधे ब्रेक बहुधा चालू असतात. पण सोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला तर गाडी सुरक्षित जागी थांबवणे हाच मार्ग.

अर्थात टायर गुळगुळीत असेल तर संगणक काय करणार? मोटारीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. टायरवरचा चार आकडी शिक्का त्याचे वय सांगतो. ‘२३१९’ म्हणजे २०१९ मधील २३वा आठवडा. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, त्याचा उत्कलनबिंदू घसरतो आणि लांब घाटउतारावर ऐन वेळी पेडल मऊ पडते. त्यामुळे ते साधारण दोन वर्षांनी, किंवा पुस्तिकेत दिलेल्या मुदतीत बदलावे. कोकणासारख्या दमट भागात हे अधिकच महत्त्वाचे.

एडीएएस गाडी ‘पाहते’ कशी?

बहुतेक गाड्यांत आतल्या आरशामागे, पुढच्या काचेला लागून कॅमेरा असतो. तो लेनच्या रेषा, वाहने, पादचारी ओळखतो. जाळीत किंवा बंपरमागे बसवलेला रडार रेडिओलहरी सोडून पुढच्या वाहनाचे अंतर आणि वेग मोजतो. मागच्या बंपरमधील रडार आरशात न दिसणाऱ्या गाड्यांची सूचना देतात. या माहितीवरून गाडी धोक्याचा इशारा देते, ब्रेक लावते, लेनमध्ये ठेवते किंवा पुढच्या गाडीपासून अंतर राखते.

स्वयंचलनाचे शून्य ते पाच असे स्तर आहेत. आपल्याकडे जाहिरातीत दिसणारा ‘लेव्हल २’ म्हणजे गाडी वेग आणि स्टिअरिंग दोन्ही सांभाळते. पण लक्ष आणि जबाबदारी पूर्णपणे चालकाची. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. यंत्रणेने हात टेकल्याचे समजायला दीड सेकंद लागला, तर तोवर ४० मीटर अंतर कापलेले असते.

महाराष्ट्राच्या रस्त्यांवर ती कुठे फसते?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासारख्या आखीव रस्त्यावर या सुविधा उत्तम चालतात. राज्यातील इतर रस्ते मात्र त्यांची परीक्षा घेतात. ऊसहंगामात पश्चिम महाराष्ट्रात रात्री मागचे दिवे नसलेल्या ट्रॉल्या धावतात. उसाच्या मोळ्या बाहेर आल्याने त्यांचा आकार वाहनासारखा दिसतच नाही. जनावरे, बैलगाड्या, विचित्र आकाराची वाहने ओळखता येतीलच असे नाही, असे गाड्यांच्या पुस्तिकांतच लिहिलेले असते. महामार्गाच्या कडेला बंद पडलेला ट्रक हाही मोठा धोका आहे. कमान, फलक, कठडे अशा स्थिर वस्तूंमुळे खोटे ब्रेक लागू नयेत म्हणून वेगात असताना अनेक यंत्रणा स्थिर वस्तूंना कमी महत्त्व देतात. त्यात खरोखर उभे असलेले वाहनही सुटू शकते.

मुसळधार पाऊस, धुके, समोर मावळता सूर्य किंवा पुसट रेषा असतील तर कॅमेरा चाचपडतो. घाटात वेग स्वतः राखणारा क्रूझ कंट्रोल बंद ठेवून खालच्या गिअरमध्ये उतरणे चांगले. खड्डा चुकवताना स्टिअरिंग उलट ओढत असल्याची तक्रार नेहमी होते. सिग्नल न देता रेष ओलांडल्याचा तो परिणाम असतो. अशा वेळी सगळी यंत्रणा बंद करण्याऐवजी तेवढी लेन राखण्याची सुविधा बंद करावी किंवा तिची संवेदनशीलता कमी करावी. आपोआप ब्रेक लावणारी सुविधा मात्र चालू ठेवावी.

काच, बंपर बदलल्यावर काय करावे?

इथेच सर्वाधिक निष्काळजीपणा होतो. कॅमेऱ्याचा कोन अवघ्या एका अंशाने चुकला, तर १०० मीटरवर पावणेदोन मीटरचा फरक पडतो. महामार्गाची लेन साधारण साडेतीन मीटर रुंद असते. म्हणजे गाडीला समोरचे वाहन अर्धी लेन सरकलेले दिसते. त्यामुळे पुढची काच बदलल्यावर कॅमेऱ्याचे ‘कॅलिब्रेशन’ करावे लागते. काही गाड्यांत ते ठरावीक अंतरावर फलक मांडून, काहींत रस्त्यावर चालवून होते. बंपर उतरवला, पुढून धडक बसली, सस्पेन्शनचे काम झाले किंवा व्हील अलाइनमेंट बदलली, तरी रडार आणि स्टिअरिंगच्या सेन्सरची तपासणी सांगावी. बिलात ‘कॅलिब्रेशन’ ही वेगळी नोंद मागून घ्यावी. दिवा पेटलेला नाही म्हणजे कोन बरोबर आहे, असे नव्हे.

बंपरवर रंगाचे जाड थर, पुट्टी किंवा स्टिकर रडारच्या आड येऊ शकतात. दसऱ्याला जाळीवर बांधलेला झेंडूचा हार पूजेनंतर काढून ठेवणे हिताचे. फास्टॅग चिकटवताना कॅमेऱ्यासमोरची जागा मोकळी सोडावी. बुलबारवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली आहे. तो धडकेचा जोर गाडीच्या सांगाड्यात भलत्याच मार्गाने पोहोचवतो, एअरबॅगच्या सेन्सरचे गणित बिघडवतो आणि पादचाऱ्यासाठी जीवघेणा ठरतो.

नियमित काय तपासावे?

दर आठवड्याला : काच, कॅमेऱ्यासमोरचा भाग आणि जाळीवरील रडारचे झाकण मऊ कापडाने पुसणे. प्रेशर वॉशरचा फवारा सेन्सरवर जवळून न मारणे.

दर महिन्याला : थंड टायरमधील हवा तपासणे. काही गाड्या हवेचा दाब चाकाच्या वेगावरून ओळखतात. त्यांत हवा भरल्यावर ‘रीसेट’ करणे आवश्यक. पाचही पट्टे पूर्ण ओढून विरलेला भाग पाहणे. झटका देताच पट्टा अडकला पाहिजे.

दर सर्व्हिसिंगला : दिवा नसला तरी संगणकातील दोषांची नोंद वाचायला सांगणे, वायपर व ब्रेक ऑइल तपासणे, सॉफ्टवेअरचे अपडेट विचारणे.

याशिवाय चासी क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून गाडी ‘रिकॉल’मध्ये आहे का, हे पाहावे. टकाटा कंपनीच्या सदोष एअरबॅग जगभरातून परत मागवण्यात आल्या, त्यात भारतातील गाड्याही होत्या. उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे राहिल्याने त्यातील रसायन बिघडून धातूचे तुकडे उडत होते. ही दुरुस्ती मोफत होते. जुनी गाडी घेणाऱ्याला मात्र त्याची सूचना पोहोचलेली नसते.